पोकळी किती, पोकळी कसली

आमच्या सरांच्या सदऱ्याच्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण लिंबू असायचंच. अर्धं चिरलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्यामुळं त्यांच्या झाडून सगळ्या पांढऱ्या सदऱ्यांना खिशापाशी पिवळट डाग होता, आणि तो काढायच्या नादात काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, कितीतरी सदरे घासून घासून विरवून टाकले होते. "लोकाचे नवरे तंबाकू खातेत, सुपारी खातेत," त्या आम्हा विद्यार्थ्यांना सांगायच्या, "ह्यांचं हे लिंबू. खातबी न्हाईत, निस्तं दगडाला पाजतेत."

सर सेलूच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि लिंबू हे त्यांचं हत्यार होतं. दगड चाकूनं जरा खरवडायचा, त्या भुकटीवर लिंबाचे दोन थेंब पिळायचे. चुनखडीचा असेल तर बारीक फेस येतो, नसेल तर दगड गप्प. प्रयोगशाळेत याच कामासाठी ॲसिडची बाटली होती, पण तिच्यावर सरांचा राग. म्हणायचे, "ॲसिड घेऊन कंडक्टर एसटीत चढू देत न्हाई. लिंबाला कोण आडवतंय?"

लिंबालाही एकदा अडवलं होतं. येलदरीला आमची सहल होती. धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठी सर उकिडवे बसलेले, हातात चाकू, पुढ्यात चिरलेली लिंबं, आणि भोवती आम्ही पोरंपोरी गोल करून उभे. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी वाटेनं चालली होती, ती थबकली. "कोणाच्या वावरावर करायलाव रे हे? आज तर अमुशा बी न्हाई!" तिचा आवाज ऐकून आमच्यातल्या दोघी पळायच्या बेतात होत्या. सर जागचे हलले नाहीत. "आजी, भारा ठिवा अन् हितं या. कान लावा ह्येला." त्या बाईनं खरंच भारा उतरवला, वाकली आणि फेसाला कान लावला.

"बोलायलंय की हे! काय म्हणायलंय?"

"म्हणतंय, मी चुना हाय."

"मंग असू द्या," म्हातारी म्हणाली. "आमच्या घरातल्या कोणाचं नाव घेतलं तर मला सांगा." आणि भारा उचलून चालायला लागली. सरांना हा प्रसंग इतका आवडला की पुढं प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी तोच सांगायचे, आणि दर वर्षी म्हातारीच्या तोंडी एक वाक्य वाढायचं.

"कान लावा" हे त्यांचं पालुपद. दगड डोळ्यांनी ओळखायचा नाही, आधी वाजवायचा. सर बोटाच्या पेरानं दिसेल ते वाजवत. भिंत, पायरी, देवळाचा खांब, स्टेशनवरचं बाकडं. कोणाच्या घरी गेले तर खुर्चीत बसायच्या आधी टाचेनं फरशी ठोकून बघायचे. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची वास्तुशांत होती. जेवणाची पंगत बसली आणि सर आपले पानावरून उठून हॉलभर टाचा आपटत हिंडतायत. शेवटी यजमानांना सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या चार फरश्या खालून पोकळ हायत, गवंड्यानं माल भरला न्हाई." यजमान वर्षभर सरांशी बोलले नाहीत. वर्षानं त्याच फरश्या तडकल्या, आणि मग तर त्यांनी बोलणं कायमचंच सोडलं.

सर दगडांना अहो-जाहो करत. वर्गात नमुने फिरवताना म्हणायचे, "जरा नीट धरा ह्यांना. हे काळे दगड आपल्या घरचे, त्यांनी मनावर घेतलं न्हाई तरी चालेल. पण हे चुनखडक पावणे हायत." आम्हाला हसू यायचं. पण दगड हातात आला की आपोआप दोन्ही हात पुढं व्हायचे, हेही खरं.

आणि त्यांचा एक नियम होता. नियम कसला, आरतीच ती. "पोकळी वाढली..." सर म्हणायचे, आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "...की सूर पडला!" अर्थ सोपा होता. दगड वरून कितीही घट्ट दिसला तरी आत बारीक छिद्रं असतात. छिद्रं जास्त असली की दगड नरम, त्यातून जाणारा आवाज सावकाश जातो. छिद्रं कमी, तर दगड ताठ आणि आवाज सुसाट. म्हणजे आवाजाचा वेग मोजला की आत किती पोकळी आहे ते कळतं. जमिनीखाली खोलवर कुठल्या थरात पाणी किंवा तेल मावेल, हे वर उभं राहून ताडायचं असेल तर लोक हीच युक्ती वापरतात. परीक्षेत हा प्रश्न यायचाच, आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं की सर डोळे मिटून मार्क द्यायचे.

मी या विषयात आले ती अपघातानं. मला हवा तो विषय भरला होता, आणि ह्या वर्गात बाकं रिकामी होती. पण टिकले ती सरांमुळं. पदवी झाल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले की झालं तेवढं पुरे. सरांना हे कळलं तसे ते सेलूहून सायकल हाणत आमच्या गावी आले. आल्याआल्या आमच्या विहिरीचा काठ वाजवून पाहिला, दादांना विहिरीचं पाणी कुठल्या अंगानं येतं ते सांगितलं, आणि मग ओट्यावर बसून मुद्द्यावर आले.

"पोरीला पुढं शिकवा."

"काय शिकवायचं गुरुजी? दगडं फोडायचं?"

"फोडायला कोणी बी शिकतंय. आयकायला शिकवायचंय."

दादा हसले. त्यांना विहिरीचं पटलं होतं, म्हणून बाकीचंही पटलं. मी पुण्याला गेले, मग आणखी पुढं, एका मोठ्या संस्थेत संशोधनाला लागले. आज माझं जे काही आहे ते त्या ओट्यावरच्या बैठकीतून आलं, हे मी कुणालाही सांगेन.

तिथं माझं काम सरांच्या नियमाचंच होतं, फक्त बोटाच्या जागी मशीन आलं. खोल विहिरींतून काढलेल्या चुनखडकाचे अंगठ्याएवढे दंडगोल तुकडे मला दिले होते. तुकड्याच्या एका टोकाला मशीन टिचकी मारायचं, दुसऱ्या टोकाला ती किती वेळात पोचली ते मोजायचं. प्रत्येक तुकड्यात किती टक्के पोकळी ते वेगळं मोजायचं. मग कागदावर ठिपके टाकायचे. पोकळी वाढेल तसा वेग उतरायला हवा, ठिपके एका उतरत्या रेषेत बसायला हवेत.

ते बसेनात. पोकळी अगदी सारखी, पण एक तुकडा भरीव दगडासारखा सुसाट आणि दुसरा मेल्यासारखा मंद. माझे मार्गदर्शक शिस्तीचे गृहस्थ होते आणि सरळ रेषेवर त्यांचा भारी जीव. त्यांनी निदान केलं की माझा हात कच्चा आहे. तुकडा आणि मशीन यांच्यामध्ये जेल लावावं लागतं, ते मी धड लावत नाही. मी पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. ठिपके आपल्या जागी ठाण मांडून बसलेले. शेवटी त्यांनी सांगितलं, "हे भरकटलेले ठिपके काढून टाका आणि उरलेल्यांवर लिहा. नाहीतर सगळं नव्यानं करा. पण नव्यानं करायला तुमच्या शिष्यवृत्तीची मुदत उरलेली नाही." थोडक्यात, काढा नाहीतर घरी जा.

मी काढायच्या तयारीतच होते. कारण मलाही माझीच शंका येत होती. सरांचं वाक्य मी लहानपणीच्या पाढ्यासारखं पाठ केलेलं, ते खोटं कसं निघेल? उन्हाळ्याची सुट्टी होती. सुसाट-मंद सगळे तुकडे स्टीलच्या डब्यात घालून मी घरी आले आणि सरांकडं गेले. सर तेव्हा निवृत्त झाले होते, पण सदऱ्याच्या खिशाला डाग होताच.

सगळं ऐकून सर भडकले. "मशीन बिघडलं आसंल."

"बदललं, सर."

"मंग तुझा हात."

"हात तोच आहे. काही तुकडे बरोबर येतात ना."

"म्हंजी माझा नियम चुकला म्हण की सरळ!"

मी डब्याचं झाकण लावलं. मग सरांनी पिशवी उचलली आणि पायात चपला सरकवल्या. "चल बाजारात. माठ घ्यायचाय."

सरांचं माठ घेणं हा सेलूच्या बाजारातला एक सोहळाच होता. माठ आपण सगळेच वाजवून घेतो. खणखणला की पक्का, बद्द आवाज आला की त्याला बारीक चीर आहे, घरी नेला की पाझरणार. पण सर ओळीनं सगळे माठ वाजवायचे. माठ विकणाऱ्या बाईला त्यांचा ताप व्हायचा, आणि ती त्यांची वाटही बघायची. कारण सर पुढं सरकले की मागं उभी राहिलेली माणसं त्यांनी वाजवून बाजूला ठेवलेले माठ डोळे झाकून उचलायची. त्या दिवशीही तसंच झालं. एका माठाला सरांनी नापास केलं, तर बाई भांडायला उठली, "कुटं फुटलंय, दावा की!" सरांनी तिच्याच तांब्यातलं पाणी त्यात ओतलं. थोड्या वेळानं माठाच्या पोटावर केसाएवढी ओली रेघ उमटली.

बाईनं तोंड वाकडं केलं. सरांनी दुसरा माठ वाजवला. खण्ण. चांगला होता. नेहमीसारखं आतून चाचपायला त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, आणि हात तसाच आत राहिला.

"पोरी," ते म्हणाले, "ह्या माठात पोकळी किती?"

"सगळी पोकळीच आहे, सर."

"अन् वाजायलाय कसा?"

"खणखणीत."

"अन् त्या फुटक्याला चीर केवढी?"

"केसाएवढी."

सरांनी हात बाहेर काढला नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं त्यांना भोवळ येते की काय. "मंग," ते हळू म्हणाले, "पोकळी वाढली की सूर पडला, हे कोण्या गाढवानं सांगितलं?"

मला राहवलं नाही. "तुम्हीच, सर."

सर मोठ्यानं हसले. एवढे हसले की रांगेतली माणसंही हसायला लागली. "घ्यायलाव का माठ?" बाई वैतागली, "का निस्ता हात घालून बसायलाव?"

माठ घेऊन मी सरांच्या घराकडं निघाले. सर पुढं जवळजवळ पळत होते. घरी गेल्यावर त्यांनी काकूंकडून दोन ताटल्या मागून घेतल्या, भिंग काढलं आणि मला म्हणाले, वेगाचे आकडे बाजूला ठेव, बघू नकोस. नुसतं भिंगातून बघ आणि आत पोकळी कसली दिसते त्यावरून वेगळे कर. काही तुकड्यांत गोल-गोल खळगे होते. लाखो वर्षांपूर्वीचे शंखाचे बारीक कण विरघळून गेले होते, त्यांची घरं तेवढी मागं राहिली होती. काही तुकड्यांत चपट्या, पातळ चिरा होत्या. गोल ते एका ताटलीत, चिरांचे दुसऱ्या. शेवटी मी आकडे काढले. एक-दोन तुकडे सोडले, तर सगळे सुसाट एका ताटलीत होते आणि सगळे मंद दुसऱ्या. गोल खळग्याच्या भोवतीचा दगड कमानीसारखा भार पेलतो, त्याला आतल्या पोकळीनं फारसा फरक पडत नाही. चपटी चीर मात्र जरा दाब आला की मिटायला बघते, म्हणून सगळा दगडच नरम पडतो. ठिपके भरकटलेले नव्हतेच. त्यांच्या दोन वेगवेगळ्या रेषा होत्या, आणि आम्ही त्यांना मारून मुटकून एकीत बसवत होतो.

पुढं मी वाचायला लागले तेव्हा कळलं की बाहेर इतरांनीही हे ओळखलेलं आहे. पण आमच्या त्या खडकात ते कुणी दाखवलं नव्हतं. मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं होतं. सर मात्र जेवले नाहीत नीट. भाकरी कुस्करत म्हणाले, "इतकी वर्षं पोरास्नी 'किती' ते विचारत आलो. 'कसली' ते विचारलंच न्हाई मी." काकूंनी त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं आणि म्हणाल्या, "आता तर विचारलं ना? मंग जेवा."

एवढं सगळं होऊनही मी घाबरतच होते. फोनवर मार्गदर्शकांना सांगितलं, तर ते म्हणाले, काम तपासणाऱ्या समितीसमोर असल्या माठाच्या गोष्टी नकोत, सरळ आलेख आणा. समितीची बैठक आठवड्यावर आली होती. मी दोन आलेख करून ठेवले. एकात सगळे ठिपके, दुसऱ्यात फक्त सोयीचे. सोयीचा दाखवला असता तर काहीच अडलं नसतं. मनातल्या मनात तोच दाखवायचं ठरत चाललं होतं, आणि सरांना काय सांगायचं याची जुळवाजुळवही सुरू झाली होती.

त्याच आठवड्यात दादांबरोबर मी पाथरीला गेले. पेरणीच्या आधीचं खत-बी घ्यायचं होतं. दुकानदार दादांच्या ओळखीचा, भरदार, हसऱ्या तोंडाचा माणूस. बोलता बोलता त्यानं विचारलं, ताई काय करतेत. दादा म्हणाले, दगडाचा अभ्यास करते. दुकानदाराचा मापाचा हात थांबला.

"सेलूच्या सरांच्या इद्यार्थिनी का तुमी?"

मी हो म्हणाले.

"मी बी त्यांचाच. लय जुना." त्यानं पोत्यावरचा गडी हाकलून मला बसायला जागा केली. "परवा सर आल्ते की दुकानात. जीपमधी बसून, एवढ्या उन्हात. मी म्हणलं खत पाह्यजे का, तर न्हाई. म्हणले, तुला मी वर्गात एक गोष्ट चुकीची शिकवली, ती दुरुस्त करायला आलोय. पोकळी किती ते विचारायचं न्हाई, कसली ते विचारायचं. मी म्हणलं, सर, मी आता युरिया इकतो, मला काय करायचंय त्येचं? तर कसे चिडले माह्यावर! म्हणले, तू काय बी इक, पण तुह्या डोक्यात माझं खोटं वाक्य नको."

दादा हसायला लागले. दुकानदार हसला नाही. "अन् म्हणले, माझ्या एका पोरीनं दावून दिलं हे. माझ्या तोंडावर दावून दिलं. आसं म्हणताना लय खूश दिसले बघा. अजून दोघंचौघं ऱ्हायलेत म्हणून चहा बी न पिता गेले."

मला रडू आलं, ते मी खताच्या वासावर ढकललं. ज्या वाक्यावर सरांनी उभं आयुष्य शिकवलं, ते मोडलं म्हणून माणूस उन्हातान्हात गावोगाव हिंडून सांगत होता. आणि मी, जिचं खरं निघालं होतं, ती चार माणसांच्या समितीला भिऊन खरं पुसायला निघाले होते. घरी आल्यावर सोयीचा आलेख मी चुलीत घातला. आईनं विचारलं काय जाळतेस, तर म्हटलं रद्दी.

समितीपुढं मी सगळे ठिपके घेऊन गेले. मार्गदर्शकांनी सर्वांसमक्ष विचारलं, हे काढायला सांगितले होते ना? मी म्हणाले, "नाही काढणार. यात पोकळी किती आहे हे आपण विचारतोय, कसली आहे ते विचारत नाही." मग दोन प्रकारचे दोन तुकडे आणि भिंग टेबलावर ठेवलं. बाहेरून आलेले एक वयस्कर सदस्य होते, ते उठून आले. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं, पुन्हा आलेखाकडं पाहिलं, पुन्हा भिंगातून. मग मार्गदर्शकांना म्हणाले की ह्यांना मुदत वाढवून द्या, हे काम पुरं झालं पाहिजे. मार्गदर्शकांनी मान हलवली. ते वाईट माणूस नव्हते, त्यांची रेषा तेवढी वाईट होती. पुढं त्यांनी मला मनापासून मदत केली.

बाहेर येऊन मी पहिला फोन सरांना लावला. काकूंनी उचलला.

"काकू, सर कुठायत?"

"फोन घरीच टाकून गेलेत, बाई. येलदरीला गेलेत सकाळच्या गाडीनं. तिथं धरणावर कोणी जुना पोरगा नोकरीला हाय म्हणं. तुझं काय झालं गं? आज तुझी मीटिंग हुती ना?"

"झालं, काकू. मान्य झालं. माझे सगळे ठिपके राहिले."

"बरं झालं बाई! सांगते आल्यावर. पण त्यांचं काय सांगायचं तुला? सकाळी मी म्हणलं, आज तिचा निकाल लागायचाय, आजच्या दिस थांबा, काय व्हतंय ते कळू द्या अन् मंग जा. तर म्हणले, निकालाची वाट कशापायी बघायची? तिचं खरं हाय."

काकू पुढंही काही बोलत होत्या, भाजीचं, उन्हाचं. मी हूं हूं करत राहिले, पण मला काही ऐकू येत नव्हतं. संस्थेच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी अगदी लहान पोरीसारखी रडत होते.